आधी दिशा, मग आकडे

अकरावीला रासायनिक समतोल, बारावीला आयनिक समतोल. दोन वर्षं हा विषय तुझी पाठ सोडणार नाही, आणि पुढे सीईटी, नीट, जेईई आहेतच. म्हणून जे सांगायचं ते आत्ताच सांगून टाकते, बाळा. यातलं सगळं माझं नाही. काही माझ्या सरांनी मला दिलं, काही थळच्या कारखान्यात पाळीला जाणाऱ्या शेजाऱ्यांकडून ऐकलं, काही उरण-पेणच्या मिठागरांत आयुष्य गेलेल्या माणसांकडून. बाकीचं वर्गात खडू झिजवताना कळलं. तुझ्या आईलाही मी हेच शिकवलं होतं.

पहिला कानमंत्र, आणि खरं तर हाच मोठा: गणित समोर आलं की लगेच सूत्रात आकडे घालू नकोस. आधी विचार, ही अभिक्रिया आता कुठल्या बाजूला जाणार आहे? पुढे की मागे? हे कळल्याशिवाय पेन टेकवायचं नाही.

दिशा कळण्यासाठी क्यू काढायचा. क्यू म्हणजे काही निराळं प्रकरण नाही. के म्हणजे समतोल स्थिरांक, त्याचंच सूत्र, फक्त त्यात समतोलाचे आकडे न घालता आत्ता भांड्यात जे आहे ते घालायचं. क्यू के पेक्षा लहान आला तर अभिक्रिया पुढे जाणार, मोठा आला तर मागे फिरणार, दोन्ही सारखे असतील तर भांडं आधीच समतोलात आहे.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर उन्हाळ्यात मिठागरावर जा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सगळे क्षार मिळून साधारण ३५ ग्रॅम असतात. नुसतं मीठ मात्र १०० ग्रॅम पाण्यात ३६ ग्रॅमच्या आसपास विरघळू शकतं. म्हणजे खाडीचं पाणी आगरात घेतलं तेव्हा क्यू हा के च्या फार खाली असतो. त्या पाण्यात मिठाचा खडा टाकलास तर तो विरघळूनच जाईल. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात घेत उन्हावर आटवतात, तसतसा क्यू चढत जातो. आधी जिप्सम खाली बसतं, कारण त्याची विरघळण्याची मर्यादा थोडी, ती लवकर ओलांडली जाते. पाणी आणखी दाट झालं, बोमे मापकावर २५ अंशांच्या आसपास आलं, की मिठाचे खडे धरू लागतात. मॅग्नेशियमचे क्षार तेव्हाही पाण्यातच असतात. ते कडू पाणी वेळेवर सोडून दिलं नाही तर मीठ कडवट होतं आणि दमट हवेत त्याला पाणी सुटतं. कोणतं पाणी कधी पुढे सोडायचं हा आगरावरचा सगळा निर्णय म्हणजे क्यू आणि के ची तुलना आहे. पुढच्या वर्षी विद्राव्यता गुणाकाराचा भाग येईल तेव्हा हे आठव. अवक्षेप पडेल का, असं विचारलं की विचारलेलं एवढंच असतं, क्यू पुढे गेला का?

आता हीच गोष्ट आकड्यांत बघू. हायड्रोजन आणि आयोडीन मिळून हायड्रोजन आयोडाइड होतं:

हायड्रोजन + आयोडीन ⇌ २ हायड्रोजन आयोडाइड

४३० अंश सेल्सिअसला याचा के साधारण ५४.३ आहे. समज, एक लिटरच्या भांड्यात हायड्रोजन ०.१ मोल, आयोडीन ०.१ मोल आणि हायड्रोजन आयोडाइड १ मोल भरलं. के मोठा आहे, म्हणजे अभिक्रिया पुढे जाणार, असं नव्वद टक्के मुलं धरून चालतात. क्यू काढ. एकाचा वर्ग, भागिले ०.१ गुणिले ०.१. आला १००. तो ५४.३ पेक्षा मोठा, म्हणजे अभिक्रिया मागे फिरणार. हायड्रोजन आयोडाइड कमी होणार, बाकी दोन वाढणार.

मग तक्ता मांड. तीन ओळी: सुरुवात, बदल, समतोल. बदलाच्या ओळीत हायड्रोजनला अधिक क्ष, आयोडीनला अधिक क्ष, हायड्रोजन आयोडाइडला उणे २क्ष. समतोलाला अनुक्रमे ०.१ + क्ष, ०.१ + क्ष आणि १ − २क्ष. सूत्रात घातलं की डावीकडे सगळा पूर्ण वर्ग तयार होतो, म्हणून दोन्ही बाजूंचं वर्गमूळ घे. १ − २क्ष भागिले ०.१ + क्ष बरोबर ७.३७. क्ष आला ०.०२८१. हायड्रोजन आयोडाइड ०.९४४, बाकीचे दोन ०.१२८ प्रत्येकी. आता परत टाकून बघ. ०.९४४ भागिले ०.१२८ करून येणाऱ्या संख्येचा वर्ग ५४ च्या आसपास येतो. गणित संपलं.

दिशा चुकीची धरली असती तर? क्ष उणे आला असता. अशा वेळी मुलं घाबरतात आणि तो क्ष खोडून टाकतात. खोडायचा नाही. क्ष उणे येणं म्हणजे अभिक्रिया तू धरलेल्या दिशेच्या उलट गेली, एवढंच. तो चिन्हासकट वापरला तर समतोलाचे आकडे बरोबरच येतात. खोडायचं ते एवढंच उत्तर, ज्यात एखाद्या पदार्थाची समतोलाची संहती शून्याखाली जाते.

तक्त्याबद्दल आणखी एक. सुरुवातीच्या ओळीत समीकरणातले गुणक शिरता कामा नयेत. सुरुवातीला किती होतं ते प्रश्न सांगतो, किती बदललं ते समीकरण सांगतं. अमोनियाला तीन मोल हायड्रोजन लागतो म्हणून सुरुवातीला तीन मोल भरला होता असं लिहिणारी मुलं मी दर वर्षी बघितली.

अकरावीला विज्ञान इंग्रजीत येतं आणि चौल, नागाव, थळच्या शाळांतून मराठीत शिकून आलेली हुशार मुलं रसायनात नाही, प्रश्न वाचण्यात अडखळतात. म्हणून प्रश्न एकदा मराठीत, मनात, आपल्या शब्दांत सांगून बघ. दिलेला आकडा सुरुवातीचा आहे की समतोलाचा, याखाली रेघ मार. ‘ॲट इक्विलिब्रियम’ असं लिहून सगळ्याच पदार्थांचे आकडे दिले असतील तर तक्ता मांडायचाच नाही, ते सरळ सूत्रात जातात आणि दोन ओळींत के मिळतो. ‘इनिशियली’ असेल तर तक्ता आला. काही सुरुवातीचे आणि एकच समतोलाचा असेल तर त्या एकावरून आधी क्ष काढायचा. भांडं किती लिटरचं आहे तेही बघ. दोन लिटरचं भांडं देऊन मोलमध्ये आकडे देणं ही परीक्षकांची जुनी आवड आहे. दोन्ही बाजूंना वायूचे मोल सारखे असतील तर घनफळ कटून जातं. नसतील तर भागल्याशिवाय पुढे जायचं नाही.

समतोल म्हणजे सगळं थांबलं, असं मनात ठेवू नकोस. सुट्टीच्या दिवशी मांडवा जेट्टीवर गेटवेहून आलेले जितके उतरतात तितकेच परतीचे चढले, तर अलिबागेतल्या पाहुण्यांची संख्या तीच राहते, माणसं मात्र बदलत असतात. भांड्यातही पुढची आणि मागची अभिक्रिया दोन्ही चालूच असतात, त्यांचा वेग सारखा झालेला असतो. आणि दोन्हीकडे संख्या सारखी असायला हवी असंही काही नाही.

के बद्दल आता. के कधी सुटा लिहायचा नाही. त्याच्या शेजारी समीकरण आणि तापमान असलंच पाहिजे. अमोनियाचं बघ:

नायट्रोजन + ३ हायड्रोजन ⇌ २ अमोनिया

४०० अंश सेल्सिअसला आंशिक दाब ॲटमॉस्फिअरमध्ये घेतले तर के-पी साधारण ०.०००१६४. समीकरण उलटं लिहिलं, अमोनिया फुटून वायू होतात असं, तर के चा व्यस्त घ्यायचा, तो येतो ६१०० च्या आसपास. सगळे गुणक निम्मे केले तर वर्गमूळ, म्हणजे ०.०१२८. वायू तेच, तापमान तेच, तरी तीन निरनिराळे के. एखाद्या गणितात उत्तर भलतंच आलं तर आधी बघ, दिलेला के कुठल्या समीकरणाचा आहे.

संहतीतला के-सी हवा असेल तर आर-टी लागतो. येथे वायूचे मोल चारावरून दोनावर येतात, म्हणजे फरक उणे दोन. के-सी बरोबर के-पी गुणिले आर-टी चा वर्ग. आर ०.०८२१ आणि तापमान केल्विनमध्ये, ६७३. उत्तर ०.५ येतं. येथे ८.३१४ वापरून मार्क घालवणारे दर वर्षी असतात. दाब ॲटमॉस्फिअरमध्ये आणि घनफळ लिटरमध्ये असेल तर आर ०.०८२१ च.

घन पदार्थ आणि शुद्ध द्रव के मध्ये येत नाहीत. हे पाठ करून विसरण्यासारखं आहे, म्हणून कारण धरून ठेव. आपल्या किनाऱ्यावर पूर्वी शिंपले जाळून चुना करायचे. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तापला की कॅल्शियम ऑक्साइड उरतं आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. दोन घन, एकच वायू. म्हणून के-पी म्हणजे फक्त कार्बन डायऑक्साइडचा दाब. ९०० अंशांच्या आसपास तो एक ॲटमॉस्फिअर होतो. बंद भांड्यात अजून चार मुठी शिंपले टाकलेस तरी वायूचा दाब वाढत नाही, कारण घनाची संहती त्याच्या ढिगावर अवलंबून नसते. भट्टीला वारा खेळता लागतो तो जाळासाठी तर खराच, पण निघालेला वायू बाहेर गेला नाही तर तो चुन्याशी पुन्हा जुळेल, हेही त्यामागे आहे.

आता थळ. अलिबागच्या उत्तरेला, खांदेरी-उंदेरी दिसतात त्या किनाऱ्यालगत राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. कंपनी १९७८ ची, तिचा जुना कारखाना तुर्भ्याला. थळला मुंबई हायचा वायू उरणमार्गे आणायचा आणि त्यापासून अमोनिया, मग युरिया करायचा, अशी योजना होती. तुझ्या धड्यातला प्रत्येक मुद्दा तिथे लोखंडात उभा आहे. आपल्या गावचं कुणी ना कुणी तिथे पाळीला गेलेलं आहे, तरी मुलं उदाहरणं मात्र पुस्तकातली पाठ करतात, याचं मला वाईट वाटतं.

वायूपासून आधी हायड्रोजन काढायचा. मिथेन आणि वाफ यांपासून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन होतात. ही अभिक्रिया उष्णता घेणारी, म्हणून तापमान ८०० अंशांच्या घरात. मग त्या कार्बन मोनॉक्साइडचं वाफेबरोबर पुन्हा:

कार्बन मोनॉक्साइड + वाफ ⇌ कार्बन डायऑक्साइड + हायड्रोजन

ही उष्णता देणारी. हिचा के ४०० अंशांना साधारण १२, आणि २०० अंशांना २३० च्या आसपास. येथे वर्गसमीकरण शिकायचं. एक मोल कार्बन मोनॉक्साइड आणि तीन मोल वाफ घे. (खऱ्या वायूत हायड्रोजन आधीपासून असतो, गणितासाठी तो सोडून देऊ.) समतोलाला क्ष चा वर्ग भागिले (१ − क्ष)(३ − क्ष) बरोबर १२. सोडवलं की ११ क्ष-वर्ग − ४८ क्ष + ३६ = ०. मुळं दोन: ०.९६ आणि ३.४. एकच मोल होता तर ३.४ मोल संपणार कसा? म्हणून ०.९६. दोन मुळांपैकी कोणतं घ्यायचं हे बीजगणित सांगत नाही, भांड्यात किती होतं ते सांगतं. कारण एका ओळीत लिहायचंच, त्याला मार्क असतात.

म्हणजे ४०० अंशांना कार्बन मोनॉक्साइड शंभरातला चारेक उरला. आता के २३० घालून हेच सोडव. क्ष ०.९९८ येतो, उरतो शंभरातला जेमतेम पाव. मग सरळ २०० अंशांनाच का करत नाहीत? कारण तिथे लोखंडाचा उत्प्रेरक झोपलेला असतो, अभिक्रिया फार मंद चालते. म्हणून कारखान्यात दोन टप्पे: आधी गरम, लोखंडाच्या उत्प्रेरकावर, बरंचसं काम झटपट, मग वायू थंड करून तांब्याच्या उत्प्रेरकावर, उरलेलं काम शेवटपर्यंत. थळचे शेजारी या टप्प्यांना हाय टेम्परेचर आणि लो टेम्परेचर शिफ्ट म्हणतात, ते यासाठी. आणि वाफ तीन मोल का? एकच घेऊन बघ. क्ष ०.७८ वर थांबतो. जादा अभिक्रियाकारक घातला की समतोल पुढे सरकतो हे वाक्य तू दहा वेळा लिहिलं असशील, ०.७८ चे ०.९६ होताना बघितलंस की ते परत पाठ करावं लागणार नाही.

आता खुद्द अमोनिया. ४०० अंश, नायट्रोजनचा दाब २५ आणि हायड्रोजनचा ७५ ॲटमॉस्फिअर, असा समतोल धर. अमोनियाच्या दाबाचा वर्ग म्हणजे ०.०००१६४ गुणिले २५ गुणिले ७५ चा घन. वर्गमूळ येतं ४१.६. एकूण दाब १४१.६, त्यात अमोनिया २९ टक्के. तापमान ५०० अंश केलं तर के-पी ०.००००१४५ होतो. तेच दाब ठेवून अमोनिया येतो १२.४ ॲटमॉस्फिअर, म्हणजे ११ टक्के. शंभर अंशांनी एवढा फटका. उलट २५ अंशांना के-पी ६ लाखांच्या घरात आहे, आणि तरीही दोन्ही वायू एकत्र भरून वर्षानुवर्षं ठेवले तर अमोनियाचा वाससुद्धा येणार नाही. के सांगतो अभिक्रिया कुठवर जाऊ शकते. किती वेळात, ते के ला ठाऊक नाही. उत्प्रेरक वेळ कमी करतो, के ला हात लावत नाही. के बदलतो तो फक्त तापमानानं. वस्तुनिष्ठ प्रश्नांतले अर्धे सापळे या चार वाक्यांत संपतात.

या गणिताशी मोठमोठी माणसं झुंजली आहेत. ज्यांच्या नावाचा नियम तू लिहितेस त्या ल शातलिए यांनी तो १८८४ मध्ये मांडला. पुढे १९०१ मध्ये त्यांनी स्वतः जास्त दाबाखाली अमोनिया करायचा प्रयत्न केला, उपकरणात स्फोट झाला आणि त्यांनी तो नाद सोडला. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर यांनी प्रयोगशाळेत अमोनिया थेंबाथेंबानं काढून दाखवला, आणि कार्ल बॉश यांनी १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊला त्याचा कारखाना उभा केला. हाबर यांची खरी युक्ती मला यात दिसते: एका फेरीत थोडाच अमोनिया होतो हे मान्य करायचं, तो थंड करून द्रवरूपात काढून घ्यायचा, आणि उरलेला वायू पुन्हा फिरवायचा. थळलाही तेच चालतं. अमोनिया काढला की क्यू खाली येतो, के पेक्षा लहान होतो, आणि अभिक्रियेला पुन्हा पुढे जावं लागतं. बघ, परत क्यू आला.

या फिरत्या वायूतून आणखी एक परीक्षेचा प्रश्न सुटतो: निष्क्रिय वायू मिसळला तर काय होईल? घनफळ तेच ठेवून आरगॉन भरला तर इतरांचे आंशिक दाब बदलत नाहीत, समतोल जागचा हलत नाही. एकूण दाब तोच ठेवून भरला तर इतरांच्या वाट्याचा दाब कमी होतो आणि समतोल जास्त मोलांच्या बाजूला, येथे मागे, सरकतो. कारखान्यात हवेतून आलेला आरगॉन आणि अभिक्रियेतून उरलेला मिथेन फिरत्या वायूत साठत जातात आणि अमोनिया कमी पडू लागतो. म्हणून थोडा वायू सतत बाहेर सोडावा लागतो. त्याला तिथे पर्ज म्हणतात. प्रश्नात घनफळ स्थिर आहे की दाब, ते वाचल्याशिवाय उत्तर देऊ नकोस.

दाब वाढवला तर, या प्रश्नालाही एक पदर आहे. मिथेन आणि वाफेच्या अभिक्रियेत दोनाचे चार मोल होतात, म्हणजे कमी दाब चांगला. परीक्षेत हेच लिही. कारखाना मात्र ती अभिक्रिया ३० बारच्या वर चालवतो, कारण तयार झालेला ढीगभर हायड्रोजन नंतर दाबत बसण्यापेक्षा आधीच दाबाखाली आलेला वायू वापरणं स्वस्त पडतं, आणि समतोलात गेलेलं नुकसान जास्त तापमान आणि जास्त वाफ देऊन भरून काढता येतं. तोंडी परीक्षेत कुणी विचारलं तर हे दोन्ही सांग.

आता सोपं करण्याच्या युक्तीबद्दल, जी सगळ्यांना आवडते आणि सगळ्यांना अडचणीत आणते. के लहान असला की वजाबाकीतला क्ष सोडून द्यायचा. सोड, पण नंतर तपास. नायट्रोजन टेट्रॉक्साइड फुटून नायट्रोजन डायऑक्साइड होतो, एकाचे दोन. २५ अंशांना के-सी ०.००४६. सुरुवातीला लिटरला १ मोल असेल तर ४ क्ष-वर्ग बरोबर ०.००४६ धरून क्ष येतो ०.०३३९. एकाच्या ३.४ टक्के. पाच टक्क्यांच्या आत आहे, चालेल. नेमकं उत्तर ०.०३३३ आहे. आता सुरुवात ०.०१ मोलनं कर. के तोच. त्याच युक्तीनं क्ष येतो ०.००३३९, म्हणजे सुरुवातीच्या ३४ टक्के. एक तृतीयांश भाग नगण्य कसा म्हणणार? येथे युक्ती पडली. के एकटा लहान असून भागत नाही, सुरुवातीच्या संहतीच्या मानानं लहान हवा.

पण अशा वेळी लगेच वर्गसमीकरणाकडे धावायची गरज नाही. माझ्या सरांनी दिलेली रीत सांगते. आलेला ०.००३३९ हा वजाबाकीत घाल: ०.०१ − ०.००३३९ म्हणजे ०.००६६१. त्यावरून क्ष पुन्हा काढ, ०.००२७६. तो परत घाल, ०.००२८९. परत, ०.००२८६. आणखी एकदा, ०.००२८७. आता आकडा हलत नाही, हेच उत्तर. प्रत्येक फेरीत तो एकदा वर, एकदा खाली जात मधे स्थिरावतो, म्हणून चूक झाली तर लगेच दिसते. बारावीत दुर्बल आम्लांचा सामू काढताना ही रीत हाताशी ठेव. आणि उत्तराकडे नुसतं बघ: दाट असताना शंभरातले तीन फुटले, विरळ केल्यावर शंभरातले अठ्ठावीस-एकोणतीस. मोल वाढतात त्या बाजूला समतोल सरकला. नियम आणि आकडे एकमेकांना साक्ष देतात की नाही, हे प्रत्येक गणितात बघायची सवय लाव. दोघं भांडत असतील तर शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा आकडेमोड चुकलेली असते.

शेवटी तुला घरी करायला एक. थळला अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून युरिया होतो तो दोन पायऱ्यांनी. दोन मोल अमोनिया आणि एक मोल कार्बन डायऑक्साइड मिळून आधी अमोनियम कार्बामेट होतं, झटकन, उष्णता देत. मग त्या कार्बामेटमधून पाणी सुटून युरिया होतो, सावकाश, उष्णता घेत. सगळं कार्बामेट एका फेरीत युरिया होत नाही. न झालेलं फोडून, वायू पाण्यात शोषून, द्रावण परत अभिक्रियापात्रात आणतात. त्या परतलेल्या द्रावणात पाणी जास्त झालं तर युरियाचं काय होईल? आणि कारखाना अमोनिया हिशेबापेक्षा जास्त का घालतो? पुस्तक न उघडता आधी दिशा सांग, मग दोन्ही पायऱ्यांचे क्यू लिहून ती सिद्ध कर. रविवारी वही घेऊन ये.